चौदा वर्षांचा मुलगा चांगला खेळतो, पुढे काय?

कोल्हापूरच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. पेठेतल्या क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा पुढचा खेळाडू, म्हणून खेळतो. शाळेचे आणि क्लबचे सामने धरून यंदा त्याचे ३१ गोल झाले. जन्म जानेवारीचा, संघात सगळ्यांत उंच. परराज्यातली एक निवासी अकादमी त्याला घ्यायला तयार आहे. फी वर्षाला साडेतीन लाख. दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यायची आणि दोन वर्षांनी स्पेनला ट्रायल, असं त्यांनी सांगितलंय. सोबत चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. शेवटी विचारलंय, "पोरगं पुढं जाणार का, एवढंच सांगा." जाता जाता एक ओळ अशीही आहे की दोन महिने त्याचा गुडघा दुखतोय.

नमस्कार. मी गेली वीसेक वर्षं बारा ते अठरा वयाच्या मुलांना फुटबॉल शिकवतोय, आधी शाळेत आणि नंतर क्लबच्या वयोगट संघांना. "पोरगं पुढं जाणार का" हे मला दर हंगामात कुणीतरी आई किंवा वडील विचारतात. चौदाव्या वर्षी याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. जो छातीठोकपणे देतो, त्याला बहुतेक वेळा तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. पण तुमच्यासमोरचा प्रश्न मला तरी वेगळा वाटतो. मुलाचं काय होणार हे माहीत नसताना आज किती पैसे, किती शिक्षण आणि घरापासून किती लांब जाणं पणाला लावायचं, हा तो प्रश्न आहे. यावर मात्र विचार करून उत्तर काढता येतं.

आधी त्या ३१ गोलांबद्दल. वयोगट १ जानेवारीच्या तारखेवर ठरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. वयात अकरा महिन्यांचा फरक असतो, आणि चौदाव्या वर्षी अकरा महिने खूप झाले. त्यात प्रत्येकाचं वयात येणं वेगळं. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीरांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज दिसतं. जगभरातल्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त दिसतात, त्याचं कारण हेच आहे. पहिल्या महिन्यांतल्या मुलांकडे गुण जास्त असतात असं मुळीच नाही. निवडणाऱ्याच्या नजरेत उंच आणि वेगवान मुलगा आधी भरतो, एवढंच.

तुमचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. गोल झकास आहेत, धाव जोरकस आहे. पण जवळजवळ प्रत्येक गोलाचा साचा एकच आहे. मागून लांब चेंडू येतो, तुमचा मुलगा बॅकला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, पळण्यात मागे टाकतो आणि उजव्या पायाने मारतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी ते बॅकही त्याच्याइतकेच उंच आणि वेगवान झालेले असतील. तेव्हा त्याच्याकडे दुसरं काय असेल, हे त्या चार मिनिटांत दिसत नाही. कदाचित ते त्याच्याकडे असेलही. गोलांच्या व्हिडिओत ते येतच नाही.

माझ्याकडे एका वर्षी दोन मुलं होती. एक तेराव्या वर्षीच माझ्या खांद्याला लागलेला. प्रत्येक स्पर्धेत सर्वाधिक गोलांचं बक्षीस त्याचं. मी त्याला 'पास दे, पाठ करून चेंडू घ्यायला शीक' असं सांगायचो खरं, पण आम्ही जिंकत होतो म्हणून ते कधी लावून धरलं नाही. दुसरा बुटका मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. त्याला दोन वेळा जिल्हा निवडीत बाहेर बसवलं गेलं. सतराव्या वर्षी पहिल्याची वाढ थांबली, बाकीचे त्याच्या बरोबरीला आले आणि गोल आटले. त्याला काय करावं ते सुचेना, कारण अडचणीत काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ती चूक माझी होती आणि तिची खंत मला आजही आहे. तो अठराव्या वर्षी खेळ सोडून गेला. बुटक्या मुलाला मात्र लहानपणापासून धक्के खाऊन चेंडू राखावा लागला होता. चेंडू यायच्या आधीच आजूबाजूला बघायची सवय त्याला लागली होती. पुढे उंची वाढली तेव्हा ती सवय अंगात होतीच. आज तो एका सरकारी खात्याच्या संघात खेळतो आणि तिथेच नोकरी करतो.

त्या दोघांनंतर मी माझी वही बदलली. गोलांचा रकाना काढला. आता प्रत्येक मुलासमोर तीन-चार गोष्टी लिहितो. चेंडू पायाशी येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का, आणि सामन्यात साधारण किती वेळा. चेंडू गमावल्यावर पुढच्या चार-पाच सेकंदांत काय करतो: हात झटकून उभा राहतो की परत धावतो. डावा पाय नुसता उभं राहायला वापरतो की त्यानं पासही देतो. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी नोंद म्हणजे मंगळवारी सांगितलेलं शनिवारच्या सामन्यात दिसतं का. लगेच यशस्वी व्हावं असं नाही, त्यानं करून बघितलं तरी पुरे. शिकण्याचा वेग हीच मला आजवर सापडलेली त्यातल्या त्यात भरवशाची खूण आहे. ती एका ट्रायलमध्ये दिसत नाही, त्याला पाच-सहा महिने लागतात. म्हणून दोन तासांच्या ट्रायलनंतर 'याच्यात दम आहे' म्हणून साडेतीन लाख मागणाऱ्यांचं मूल्यमापन मी फारसं मनावर घेत नाही.

आणखी एक करा. क्लबच्या कोचना विनंती करून मुलाला महिनाभर सतरा-अठराच्या मुलांबरोबर सराव करू द्या. सामने नकोत, फक्त सराव. तिथे त्याची उंची आणि वेग चालणार नाही. पहिले आठ दिवस तो रडकुंडीला येईल. नंतर तो काय शोधून काढतो ते बघा.

जागेबद्दलही बोलायला हवं, कारण ते बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही. आपल्याकडे वरच्या स्तरावरचे क्लब परदेशी खेळाडू घेताना पैसे बहुतेक स्ट्रायकर, मधला मिडफिल्डर आणि स्टॉपर (मधला बचावपटू) यांच्यावर खर्च करतात. त्यामुळे भारतीय नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरला, मैदानावर मिनिटं मिळणं कठीण असतं, आणि गोल करणारी भारतीय पोरं विंगवर (मैदानाच्या कडेला) किंवा बॅकला सरकतात. चौदाव्या वर्षी मुलाला एकाच जागी बांधून ठेवू नका. वर्षातले काही सामने विंगवर, काही मिडफिल्डला खेळू द्या. मुंबईचा राहुल भेके बघा. उजवा बॅक आणि स्टॉपर या दोन्ही जागांवर खेळणारा. जन्म १९९० चा. १७ मार्च २०१९ ला मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याच्या हेडरवर बेंगळुरू एफसी जिंकली, आणि भारताच्या वरिष्ठ संघात तो त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा खेळला. पुढे मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून २०२३-२४ चा आयएसएल चषकही त्यानं उचलला. अठ्ठाविसाव्या वर्षी भारताची जर्सी घालणारा मुलगा चौदाव्या वर्षी कुणाच्या यादीत पहिला असेलच असं नाही.

आता देशातल्या सगळ्यांत 'चमकदार' मुलांचं काय होतं ते पाहू. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला. आपला २१ जणांचा संघ अनेक वर्षं देशभर शोधून, परदेश दौरे करून तयार केलेला होता. त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगनं हेडरनं गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. हा जिक्सन त्या संघात उशिरा सामील झालेला मुलगा होता. त्या एकवीस जणांपैकी जिक्सन, सुरेश सिंग, अपुइया, अन्वर अली असे काही वरिष्ठ संघात स्थिरावले. अन्वरच्या हृदयात २०१९ मध्ये दोष आढळला, खेळ थांबवावा लागला, आणि तरीही तो परत येऊन भारताकडून खेळला. पण बाकीच्यांत कुणी क्लबच्या बाकावर राहिलं, कुणी खालच्या लीगमध्ये गेलं. एवढी निवड, एवढं प्रशिक्षण मिळालेल्या मुलांची ही कथा आहे. त्यांच्यात काही कमी होतं असं मी म्हणणार नाही. दुखापत, कोच बदलणं, क्लब बदलणं, आपल्याच जागी परदेशी खेळाडू येणं, यांतलं काहीच मुलाच्या हातात नसतं.

आणि क्लबांचीही शाश्वती नसते. पुण्याचंच घ्या. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये थांबले, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. चार-पाच वर्षांत एका शहरातले चार व्यावसायिक संघ गेले. प्रत्येकाबरोबर वयोगट संघांतली मुलं, त्यांचे कोच, त्यांचं सगळं वेळापत्रक वाऱ्यावर गेलं. २०२५ मध्ये आयएसएलच व्यावसायिक हक्कांच्या कराराच्या प्रश्नावर अडकली, तेव्हा काही क्लबांनी पहिल्या संघाचं कामकाजच थांबवलं होतं. म्हणून दहावी बाहेरून देण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. १७ नंबरचा फॉर्म वाईट नाही, अनेकांना त्याचा खरा आधार असतो. पण ज्या मुलाला शाळेत जाता येतंय त्याला शाळेतून काढायचं कारण फुटबॉल असू नये. दिवसाला दीड-दोन तासांचा चांगला सराव चौदाव्या वर्षी पुरतो. उरलेले तास अकादमी कशात घालवणार, हे त्यांना विचारा.

कोल्हापूरबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण आपल्या गावाचं फुटबॉल बाकी महाराष्ट्रासारखं नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या सामन्याला जी गर्दी होते, ती अनेक मोठ्या शहरांत राष्ट्रीय लीगच्या सामन्याला होत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं मुलं पाळण्यात ऐकतात. हे वैभव आहे आणि मी त्याच्यावर जीव टाकतो. पण त्यातला एक धोका मी अनेकदा जवळून पाहिलाय. सतराव्या वर्षी मुलगा पेठेच्या वरिष्ठ संघात येतो, दोन गोल करतो, रात्री चौकात खांद्यावर घेतात, डिजिटल फलकावर फोटो लागतो. त्या क्षणी त्याला बाहेरच्या ट्रायलला जाऊन पंचविसातला एक होणं नकोसं होतं. शिवाय आपला हंगाम संपला की बरेच महिने स्पर्धात्मक खेळ नसतो, आणि पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचतं. पेठ सोडा असं मी म्हणत नाही. पेठेनंच त्याला चेंडू दिलाय. पण सोळा ते एकोणीस या तीन वर्षांत त्याला गावाबाहेरच्या, त्याला कुणी ओळखत नाही अशा सामन्यांची सवय लागलीच पाहिजे. शालेय सुब्रतो चषक, राज्य निवड चाचण्या, राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या युवा लीग, रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग या सगळ्या त्यासाठीच्या वाटा आहेत. क्लबशी बोलताना यांतली कुठली वाट त्यांच्याकडून जाते, हे विचारून ठेवा.

'मग अनिकेत लहानपणीच घर सोडून गेला नव्हता का?' हे तुमच्या मनात आलं असेल. गेला होता. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. तो पुण्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून पुणे एफसीच्या अकादमीत, मग राष्ट्रीय संघात, आणि पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा क्लबांकडून खेळला. पण प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा हा सगळा खर्च सरकार करतं. घर सोडण्याला माझी हरकत नाही. तुमच्याकडून पैसे घेऊन शाळा सोडायला लावण्याला आहे. मुलगा खरोखर हवा असेल तर अकादमी त्याला फीमाफी देते, निदान मोठी सवलत देते. पूर्ण फी घेणारी अकादमी बहुतेक वेळा शिकवणीवर्गासारखी असते. शिकवणीवर्गही चांगला असू शकतो, फक्त त्याला 'निवड झाली' म्हणू नये.

तरीही जाऊन बघायचं असेल तर फोनवर बोलू नका, दोन दिवस स्वतः राहून या. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गेल्या तीन वर्षांतली मुलं आज कुठे आहेत ते विचारा. नावं द्या म्हणावं, दोन-तीन पालकांचे नंबर द्या म्हणावं. मुलाला वर्षात नोंदणीकृत स्पर्धांचे किती सामने मिळतात हे विचारा, आपसातले सराव सामने त्यात धरू नका. माझ्या मते तिसाच्या खाली असेल तर त्या पैशांना अर्थ नाही, कारण या वयात मुलगा सामन्यांतून शिकतो. रोज मैदानावर कोण शिकवतं ते बघा, उद्घाटनाच्या फोटोतला माजी खेळाडू नव्हे. महासंघाचं अकादमी मानांकन आहे का आणि कुठल्या दर्जाचं, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, वर्षाच्या मध्ये सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे कागदावर घ्या. जेवण मुलांच्या पंगतीत बसून जेवा.

स्पेनचं मी थोडक्यात संपवतो. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होऊ शकत नाही. जे मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर, त्यांत तुमचा मुलगा बसत नाही. सोळाव्या वर्षी तिथे जी 'ट्रायल' होईल ती शिबिर असेल. त्यातून अनुभव मिळेल, करार मिळणार नाही. परवडत असेल तर सहल म्हणून पाठवा.

याच नियमांतली एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. खेळाडू पुढे आंतरराष्ट्रीय बदलीत विकला गेला, तर त्या रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. म्हणून मुलाची महासंघाकडची नोंदणी पहिल्या दिवसापासून योग्य क्लबच्या नावावर आणि खऱ्या जन्मतारखेनं असू द्या. पेठेच्या क्लबचंही त्यात हित आहे. आणि कुणी 'एक वर्ष कमी दाखवू' म्हणालं तर तिथून निघून या. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासलं जातं. पकडलं गेलं तर बंदी मुलावर येते.

मी तुमच्या जागी असतो तर दहावी होईपर्यंत त्याला घरीच ठेवलं असतं. साडेतीन लाखांतला छोटा हिस्सा चांगल्या बुटांवर, अंडी-दूध-डाळींवर आणि बाहेरगावच्या चार ट्रायलच्या प्रवासावर घातला असता. प्रबोधिनीची आणि मुंबई-पुण्यातल्या फी न घेणाऱ्या अकादम्यांची निवड चाचणी दिली असती. दहावीनंतर पुन्हा बसून बघितलं असतं. तोवर त्याची उंची स्थिरावत आलेली असेल, डावा पाय काय करतो ते कळेल, आणि त्याला स्वतःला हे किती हवंय हेही कळेल. हे त्याला एकट्याला विचारा, तुम्ही दोघं समोर नसताना, आजोबांना किंवा मामाला विचारायला सांगा. व्यावसायिक खेळाडू झाला नाही तरी शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ आहेत. त्या वाटेला राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि पदानुसार शिक्षणही लागतं. प्रमाणपत्रांची फाइल आजच करा.

आता गुडघा. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, पण सगळ्यांत आधी करायचं काम तेच आहे. उंची झपाट्यानं वाढते त्या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) मागे राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जिथे कंडरा हाडाला चिकटते, तिथे ताण येऊन उंचवटा येतो आणि दुखतं. या वयाच्या उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या मुलांत हे बरंच आढळतं आणि बहुतेकदा भार कमी केल्यावर, धीर धरल्यावर बरं होतं. पण तुमच्या मुलाचं तेच आहे की दुसरं काही, हे मी व्हिडिओ बघून सांगू शकत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी हात लावून बघायला हवं. सूज असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, लंगडत असेल तर उद्याच दाखवा. जाताना एका कागदावर त्याचा आठवडा लिहून न्या: सकाळी शाळेचा सराव किती, संध्याकाळी क्लबचा किती, शनिवार-रविवार टर्फवर सेव्हन-साईड (सात-सात जणांचे सामने) किती. मी अंदाज करतो की बेरीज पंधरा तासांच्या पुढे जाईल. डॉक्टर विचारतील तेव्हा ती तयार असू द्या, आणि तोवर त्याला पेनकिलर देऊन सामन्यात उतरवू नका, पेठेची फायनल असली तरी. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. अकादमीला तोपर्यंत फक्त एवढंच सांगा की मुलाला दुखापत आहे, महिनाभर थांबा. ते काय उत्तर देतात, तेही मला लिहा.